दिवे मोजताना

या. इथे बसा.

वाळू गार आहे. रात्रीचं दव तिच्यात उतरलं आहे. बसल्यावर गारवा थोडा वेळ अंगात शिरेल. शिरू द्या.

पाठीमागे सुरूची झाडं. त्यांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. वाड्यांमध्ये निजलेलं किहीम. कार्तिक लागला आहे. पहाटेचे साडेपाच वाजताहेत. सूर्य उगवायला अजून तासाहून जास्त वेळ आहे.

कॅमेरा पिशवीतच असू द्या. फोनही.

समोर काळोख आहे. त्या काळोखात समुद्र आहे. आत्ता तो फक्त ऐकू येतो.

ओहोटी लागली आहे. लाट लांबवर फुटते आणि वाळूवरून मागे सरते. सरताना बारीक सळसळ होते. ती सळसळ विरते, आणि पुढची लाट फुटेपर्यंत क्षणभर काहीच नसतं.

त्या क्षणापाशी थांबा.

लाट आली. गेली. पुन्हा तो क्षण.

पाठीवर वारा लागतो आहे ना? हा मतलई वारा. रात्रीतून जमीन निवते, समुद्र मात्र कोमट राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे जातो. दुपारी तो उलटेल आणि खारा वारा तोंडावर येईल. आत्ता तो आपल्या खांद्यांवरून पुढे निघाला आहे. त्याला ओल्या पाचोळ्याचा वास आहे, कुणाच्या तरी चुलीतल्या झावळ्यांचा वास आहे.

श्वास आत घ्या.

सोडा.

तोही पाण्याकडे गेला.

अजून थोडं बसू या.

*

आता नजर वर उचला. अगदी थोडी. पाणी आणि आकाश जिथे भेटत असतील, तिथवर.

दिवे आहेत.

पांढरे, पिवळट, लांबच लांब ओळीत. एकेका जागी पाच-सात दिव्यांचा पुंजका, मग काळोख, मग पुन्हा पुंजका. ही नांगरलेली जहाजं. मुंबई बंदरात किंवा न्हावा-शेव्याला धक्क्यावर जागा मिळेपर्यंत ती बाहेर थांबतात. शंभर मीटरहून लांब जहाजानं नांगरावर असताना आपलं डेक उजळून ठेवायचं, असा सगळ्या जगाचा नियम आहे. म्हणून रात्री प्रत्येक जहाज छोट्या वस्तीसारखं दिसतं.

मोजा. बोट दाखवू नका. नुसती नजर एका पुंजक्यावर ठेवा, एक श्वास तिथे राहा, मग पुढच्यावर जा.

एक.

दोन.

चुकलात तरी चालेल. पुन्हा पहिल्यापासून.

माझी आजी रोज हे दिवे मोजायची. जेवणं झाली, भांडी पालथी घातली, की ती वाडीच्या टोकाशी यायची. पदर कानांवरून घट्ट घ्यायची आणि ओठही न हलवता मोजायची. मग घरात येऊन आकडा सांगायची. ‘आज अकरा.’ कुणी विचारलेलं नसायचं. कुणी उत्तरही द्यायचं नाही. पण तो आकडा ऐकल्याशिवाय घर निजत नसे.

मामा बोटीवर होता. कोकणात असंच म्हणतात. कुठली कंपनी, कुठला हुद्दा, कुठला समुद्र, ते सगळं नंतर. आधी एवढंच, की मुलगा बोटीवर असतो.

त्याचं जहाज इकडे येत नसे. ऑस्ट्रेलियात कोळसा भरायचा, जपानला उतरवायचा, पुन्हा रिकामं जायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आजीला ते ठाऊक होतं.

तरी ती मोजायची.

तुमचे किती झाले? माझे नऊ.

*

डावीकडे, नैर्ऋत्येला, एक दिवा वेगळा आहे. तो उजळतो, मिटतो. पुन्हा उजळतो. तो खांदेरीचा. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, आणि १८६७ पासून तिथे दीपगृह आहे.

त्याच्या उजळण्याबरोबर श्वास घ्यायचा प्रयत्न करू नका. त्याची लय त्याची, तुमची तुमची. दोन्ही असू द्या.

इथे एक गोष्ट हळूच सांगते. या समोरच्या पाण्यात, उत्तरेकडे, १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येत होती. काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आजी तेव्हा सात वर्षांची होती. ती आयुष्यभर रामदासचं नाव घेत नसे. ‘ती बोट’ म्हणे, आणि दुसऱ्या कशाकडे तरी वळे.

या पाण्याकडे एक श्वास नुसतं बघा.

काही म्हणू नका.

*

आता उजवीकडे. तिथे मुंबई आहे. आकाशाच्या तळाशी तिचा तांबूस उजेड साचला आहे.

त्या उजेडाच्या कडेला एक दिवा बघा. बाकीच्यांसारखाच वाटतो. त्याच्याकडे बघत राहा.

मग शेजारच्या नांगरलेल्या दिव्याशी त्याचं अंतर धरा. डोकं हलवू नका.

दहा श्वास.

हलला ना?

हे निघालेलं जहाज आहे.

दुर्बीण लावा आता. एक नव्हे, दोन पांढरे दिवे आहेत. डावीकडचा खाली, उजवीकडचा त्याहून वर. मोठ्या जहाजाच्या पुढच्या डोलकाठीवरचा दिवा खाली असतो आणि मागचा वर. म्हणजे हे डावीकडे, दक्षिणेला चाललं आहे. दोन्ही दिवे एकाखाली एक आले असते, तर ते नेमकं आपल्याकडे तोंड करून येत असतं.

आणि त्या दोन दिव्यांच्या खाली, नीट बघा, कुंकवाच्या कणाएवढा लाल.

जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. या किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्याला दक्षिणेकडे जाणारं जहाज आपली डावी बाजू दाखवतं. उत्तरेला, बंदराकडे येणारं उजवी. आजीला कुणी हे नियम शिकवले नव्हते. ती म्हणायची, ‘जाणाऱ्याचा तांबडा, येणाऱ्याचा हिरवा.’ तिनं ते बघून बघून शोधलं होतं.

तांबडा दिवा.

त्याच्याबरोबर राहा.

तो इतका हळू सरकतो आहे की नजर त्याच्या पुढे पळते. तिला मागे आणा. लहान मुलाचं बोट धरून चालताना आपण पाय आवरतो, तशी नजर आवरा.

*

उजाडतं आहे.

आधी काही दिसत नाही. फक्त काळ्यात दोन काळे होतात. एक खालचा, एक वरचा. मग खालचा राखाडी होतो.

दिवे फिके पडतात. दिव्यांच्या भोवती जहाजं उमटू लागतात. आपण इतका वेळ दिवे पाहत होतो, त्यांच्यामागे एवढं अंग होतं.

नांगरावरच्या सगळ्या जहाजांची तोंडं बघा. एकाच दिशेला आहेत. सगळी बंदराकडे. कुणी हुकूम दिलेला नाही. ओहोटीचं पाणी बंदरातून बाहेर धावतं आहे, आणि नांगरलेलं जहाज नेहमी येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभं राहतं. पाण्याला जे दिसत नाही ते दाखवायचं असतं तेव्हा ते जहाजाचा काटा करतं.

याच्याकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

आपलं जहाज कुठे आहे?

तिथे. आता त्याचा दिवा शोधावा लागत नाही. लांब, काळपट, ठोकळ्यांनी भरलेलं. कंटेनरचं जहाज आहे. न्हावा-शेव्याहून निघालेलं.

त्याच्या अंगावर डब्यांच्या रांगा आहेत. जगातली सगळ्यात मोठी जहाजं वीस फुटी मापाचे चोवीस हजारांहून जास्त डबे नेतात. हे तेवढं मोठं नाही. १९५६ च्या एप्रिलमध्ये ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, तेव्हा त्यावर असे ५८ डबे होते. तिथून हे सगळं सुरू झालं.

एक डबा निवडा. कुठलाही. निळा, विटकरी, मळका पांढरा.

आत काय असेल?

नाशिकचा कांदा असेल. कुणीतरी शिवलेले सदरे असतील. जहाजावरच्या माणसांनाही बहुतेक डब्यांत काय आहे ते माहीत नसतं. डबा बंद आहे. त्याला सील आहे.

बंद राहू द्या. बंद डब्याकडे बघत बसण्यातही एक विश्रांती असते.

*

आता एक करून बघू.

जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, त्याच्या पलीकडे, पाण्यात एक खूण धरा. नांगरलेलं एखादं लांबचं जहाज चालेल. पुढचं टोक त्या खुणेला टेकलं, की श्वास मोजायला लागा. सावकाश. पाच आकड्यांत आत, पाच आकड्यांत बाहेर.

एक.

कंटेनरच्या रांगा खुणेवरून सरकताहेत.

दोन.

तीन.

चार. आता ब्रिज, म्हणजे ती पांढरी उंच इमारत, जिथून जहाज चालवतात.

पाच.

सहा.

गेलं.

तीनशे मीटर लांबीचं जहाज दहा नॉट वेगानं, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरनं जात असेल, तर त्याला स्वतःची लांबी ओलांडायला साधारण एक मिनिट लागतं. तुमचे सहा श्वास. एवढ्या वेळात त्यानं फक्त स्वतःला मागे टाकलं.

पुन्हा एक खूण धरा.

पुन्हा सहा श्वास.

मी गेली कित्येक वर्षं इथे येते आणि मला या सहा श्वासांपेक्षा मोठं काही मिळालेलं नाही. फोटो मिळाले, शेकड्यांनी. पण फोटोसाठी यायला लागले आणि श्वासांसाठी राहिले, असं झालं आहे.

याच किहीमला १९३० मध्ये सालिम अली सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांसमोर दिवसच्या दिवस बसून राहिले. एवढं बसल्यावर त्यांना दिसलं, की नर आधी घरटं अर्धं विणतो, मादी ते पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि नर पुढचं घरटं विणायला घेतो. मला ती हकीकत फार जवळची वाटते. या गावात बसून राहण्याची परंपरा आहे.

अजून थोडं बसू या.

*

सूर्य आपल्या पाठीमागून वर येतो आहे. त्याचा उजेड आधी आपल्यावर पडणार नाही. सुरूच्या शेंड्यांवरून तो थेट समुद्रावर उतरेल.

बघा. आत्ता.

जहाजाचा ब्रिज उजळला. मग वरचे डबे. मग त्यांच्या खालचे. उजेड वरून खाली उतरतो आहे, आणि आपण अजून सावलीत आहोत.

किहीमला जहाजांचे फोटो पहाटेच काढावेत. संध्याकाळी सूर्य त्यांच्या मागे जातो आणि नुसती काळी आकृती हाती लागते. तीही सुंदर असते. पण रंग, गंज, लांबच्या लांब अक्षरं, ही पहाटेची मिळकत.

आता कॅमेरा काढा.

लगेच डोळ्याला लावू नका. मांडीवर ठेवा. त्याचं वजन हातांना कळू द्या. धातू गार आहे.

आज एकच फोटो काढायचा आहे.

एकच आहे म्हटल्यावर बघा काय होतं. नजर लांब होते. आपण विचारायला लागतो, आत्ता का? पुढच्या श्वासाला का नको?

या समुद्रावर कधीकधी करड्या रंगाची नौदलाची जहाजं जातात. ती दिसली, की कॅमेरा खाली ठेवायचा. त्यांचे फोटो काढायचे नाहीत, हा इथल्या बघणाऱ्यांचा शिरस्ता आहे. पूर्वी मला त्याची चुटपुट लागायची. आता त्या वेळा मला आवडतात. हात रिकामे असतात आणि जहाज पूर्ण दिसतं.

*

डोळे मिटा. थोडा वेळच.

मी तुम्हाला जवळून एक जहाज दाखवते. इथून ते दिसणार नाही, फार लांब आहे. पण गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचमध्ये बसलं, की कधीकधी वाट नांगरलेल्या जहाजाला लागून जाते.

लाँचचं इंजिन धडधडतं आहे. अंगावर तुषार येताहेत. आणि अचानक ऊन जातं.

तुम्ही जहाजाच्या सावलीत आला आहात.

वर बघा. लोखंडाची भिंत. तिच्यावर गंजाचे ओघळ. पत्र्यांचे सांधे. वरपासून खालपर्यंत एकाखाली एक पांढरे आकडे रंगवलेले, पाण्याच्या रेषेशी बुडालेले. जहाज किती खोल बसलं आहे ते त्यावरून वाचतात.

जहाज रिकामं असेल तर उंच उभं असतं आणि त्याचं लाल पोट दिसतं. शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून तिथे तांब्याच्या संयुगाचा रंग देतात. त्यातून ही लाली आली.

मध्यावर बघा. एक वर्तुळ. त्याच्या मधून आडवी रेघ. बाजूला शिडीच्या पायऱ्यांसारख्या छोट्या रेघा. एक उष्ण कटिबंधातल्या समुद्रासाठी, एक उन्हाळ्यासाठी, एक हिवाळ्यासाठी, एक गोड्या पाण्यासाठी. कारण प्रत्येक पाणी जहाजाला वेगळं तोलतं. गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं, खाऱ्यात कमी.

सॅम्युएल प्लिमसोल नावाचा एक खासदार इंग्लंडच्या संसदेत वर्षानुवर्षं भांडला. तेव्हा मालक जहाजं गच्च भरून पाठवत आणि ती खलाशांसकट बुडत. १८७६ च्या कायद्यानं ही खूण जहाजावर आली. याच्या खाली बुडवू नका, एवढंच ती रेघ सांगते.

त्या रेघेवर पाणी येतं. उतरतं. येतं. उतरतं.

तुमच्या छातीशीही अशी एक रेघ असेल. श्वास येतो. उतरतो.

लाँच पुढे जाते. जहाजाची मागची बाजू येते. तिथे नाव असतं, आणि नावाखाली एका गावाचं नाव. मोनरोव्हिया. पनामा. माजुरो. व्हॅलेटा. जहाजाची नोंदणी जिथे आहे ते गाव. त्या गावात ते जहाज एकदाही गेलेलं नसेल. जवळच सात आकड्यांचा एक क्रमांक असतो. जहाज विकलं जातं, नाव बदलतं, झेंडा बदलतो, गाव बदलतं. तो क्रमांक ते मोडीत निघेपर्यंत तोच राहतो.

एकदा अशाच मागच्या कठड्याशी मी एक माणूस पाहिला. बनियनवर होता. दोरीवर कपडे वाळत घालत होता. त्यानं लाँचकडे पाहिलं. लाँचमधल्या एका लहान मुलीनं हात हलवला. त्यानं ओला सदरा हलवला.

माझ्या हातात कॅमेरा होता. मी फोटो काढला नाही. तो सदरा आजही हलतो.

ऊन परत येतं.

डोळे उघडा.

*

आपलं जहाज कुठवर गेलं?

खांदेरीच्या पलीकडे निघालं आहे. एक छोटासा ठिपका त्याच्यापासून सुटून बंदराकडे परतताना दिसला असेल तर ती पायलटची बोट. बंदरातून बाहेर पडेपर्यंत इथला पायलट वाट दाखवतो. मग दोरीच्या शिडीवरून उतरतो आणि घरी जातो. जहाजावर वीस-बावीस माणसं उरतात.

त्या वीस-बावीस माणसांसाठी एक श्वास घ्या. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

पहाटे चार ते आठच्या पाळीवर कुणीतरी ब्रिजवर उभा आहे. त्याच्या हातात चहाचा कप असेल. त्याच्या डाव्या हाताला एक लांब निळसर रेघ आहे.

त्या रेघेत आपण आहोत.

मामाचं जहाज एकदा मुंबईला आलं. एकदाच. कोळसा नव्हता, दुसरं काहीतरी होतं. दीड दिवसात माल उतरवून निघालं, सुट्टी मिळाली नाही, घरी कळवता आलं नाही. फोन गावात एकच होता आणि तो बंद होता. संध्याकाळी आठला पाळी संपवून मामा डेकवर आला, तेव्हा खांदेरीचा दिवा समोर होता. त्याला वाटलं, आता घर दिसेल. वाडीतला ओटीवरचा दिवा शोधला त्यानं. दिसला नाही. समुद्रातून किनारा नुसता काळा दिसतो, असं तो म्हणाला. ओटीवरचा दिवा एवढ्या लांब पोचत नाही. तो कठड्याला धरून उभा राहिला, खांदेरी मागे पडेपर्यंत.

हे त्यानं आम्हाला सात महिन्यांनी सांगितलं. सुट्टीवर आल्यावर, जेवताना. सगळे गप्प झाले.

आजीनं तारीख विचारली. मग बोटांवर काहीतरी मोजलं. मग तिचा चेहरा निवळला.

‘म्हणजे त्या रात्री मी तुला मोजलं होतं रे,’ ती म्हणाली.

आणि तिनं त्याच्या पानात भात वाढला.

*

त्यानंतर मामा घरी असायचा त्या महिन्यांतही आजी रात्री वाडीच्या टोकाशी जायची. मुलगा ओटीवर पेपर वाचत बसलेला असायचा. ती पदर कानांवरून घेऊन दिवे मोजायची. येऊन आकडा सांगायची.

मी लहान होते. मी विचारलं, ‘आजी, मामा तर घरात आहे.’

ती म्हणाली, ‘बाकीचे आहेत ना.’

*

जहाज आता लहान झालं आहे.

हा फोटोचा क्षण असेल. नसेलही. तुम्हीच बघा. क्षितिज आडवं धरा. श्वास सोडा, आणि सोडलेल्या श्वासाच्या शेवटी, लाट मागे सरल्यावर असतो तशा त्या रिकाम्या जागेत, बटण दाबा.

झालं.

पडद्यावर काय आलं ते बघू नका. कॅमेरा पिशवीत ठेवा. जहाज अजून आहे.

वाळूवर बसल्यावर आपले डोळे पाण्यापासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवरच असतं. मागच्या नारळावर पंधरा मीटर चढलात तर ते चौदा किलोमीटरवर जाईल. जहाज आपल्या क्षितिजापलीकडे केव्हाच गेलं आहे. आपल्याला दिसतं आहे ते त्याचं वर उरलेलं अंग. पृथ्वी वळलेली आहे, आणि ती त्याला खालून हळूहळू झाकते आहे.

आधी पाण्याची रेघ झाकली गेली. काळं अंग आता पट्टीएवढं उरलं आहे.

बघत राहा. याला वेळ लागतो. हवा आजच्यासारखी स्वच्छ असली तर एक तासही लागतो.

ऊन आता आपल्या पाठीवर आलं आहे. वाळू कोमट होऊ लागली आहे. मतलई पडला आहे. खारा अजून सुटलेला नाही. दोन वाऱ्यांच्या मधला हा निवांत वेळ आहे. सुरूची एकही काडी हलत नाही.

अंग गेलं.

डब्यांच्या रांगा उरल्या. जणू पाण्यावर नुसते डबे ठेवले आहेत, आणि ते आपले आपण निघालेत.

खालची रांग गेली.

त्याच्या वरची.

ब्रिज उरला. एक पांढरा दाणा.

श्वास घ्या.

डोलकाठी. ती खरंच दिसते आहे की आपण धरून ठेवली आहे, ते आता सांगता येत नाही.

सोडा.

*

नजर तिथून लगेच काढू नका. जिथे जहाज होतं तिथलं पाणी बघा.

मग हळूहळू उजवीकडे या. नांगरलेल्या जहाजांकडे. नऊ होती. मोजा.

ओहोटी संपली आहे. पाणी उभं आहे. ना येतं, ना जातं. किनाऱ्यावरची ओली वाळू खूप लांबपर्यंत चमकते आहे आणि तिच्यावर कुणाचंही पाऊल नाही.

आणि जहाजांची तोंडं बघा. मघाशी सगळी बंदराकडे होती. आता एक इकडे आहे, एक तिकडे. काटा थांबला आहे.

थोड्या वेळात समुद्राकडून पाणी आत यायला लागेल. आपल्याला ते दिसणार नाही.

मधल्या त्या विटकरी जहाजावर नजर ठेवा. त्याच्या पुढच्या टोकावर.

बोलू नका.

हललं.